फुलदाणी : साहित्य आणि कृती

टाकाऊतून टिकाऊ फुलदाणी ही प्लास्टिकची रिकामी बाटली, कात्री, डिंक आणि एक पालक यांपासून तयार होते. मूलही लागते, पण ते मुख्यतः वस्तू शाळेत पोचवण्यासाठी. कृतीच्या वेळी ते रात्री साडेनऊपर्यंत जागे राहिले तरी पुरेसे मानतात. फुलदाणीची उंची वीत-दीड वीत, रंग सोनेरी किंवा घरात ज्याची डबी उरली असेल तो, आणि फुले प्लास्टिकची. खरी फुले ठेवायला मनाई नाही. मात्र त्यांना पाणी लागते, आणि पाणी लागले की बाहेरचा कागद सुटतो. जालना जिल्ह्यात ज्या घरात तिसरी ते सातवीतले मूल आहे, तिथे ही वस्तू सहसा टीव्हीच्या शेजारी आढळते.

तिचा उगम थोर आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथे गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. मुलांनी सूत काढावे, विणावे, सुतारकाम करावे आणि त्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च जमेल तितका भागावा, असा त्यात हिशेब होता. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे इथल्या आईबापांना आणखी काही वर्षे रात्रीची झोप मिळाली. पुढे 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य आणले, आणि या प्रवासात चरखा, हातमाग, रंधा अशी एकेक अवजारे गळत गेली. शेवटी हाती उरली ती बोथट टोकाची छोटी कात्री. मालाच्या विक्रीतून खर्च भागवण्याची मूळ योजना आज फुलदाण्यांच्या भरवशावर कोणी लागू केली, तर गुरुजनांचा मोर्चा दुसऱ्याच दिवशी कलेक्टर कचेरीवर जाईल.

कृतीची पहिली पायरी म्हणजे टाकाऊ वस्तू मिळवणे. सूचनेत ती एका ओळीत उरकलेली असते : 'घरातील टाकाऊ वस्तू घ्या.' जालना जिल्ह्यात नेमकी हीच पायरी सर्वांत अवघड आहे, कारण इथल्या घरात वस्तू टाकाऊ होत नाही. तिची फक्त बदली होते. लुगडे जुने झाले की वाकळेत जाते. वाकळ विरली की तिचे पायपुसणे होते आणि पायपुसणे झिजले की चुलीवरचे पातेले उचलायचे फडके. खताची गोणी धुतली की धान्याला, धान्याची झाली की अंगणात बसायला, आणि पावसाळ्यात एक कोपरा दुसऱ्यात खोवला की तीच डोक्यावरची खोळ. गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आधी गहू सांभाळतो, मग तुळस, आणि बूड गेल्यावर भंगारवाल्याची वाट पाहतो. बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाचा तरी उपयोग करावा, तर तेही जमत नाही. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली तेव्हापासून जालना हे बियाण्यांचे गाव आहे, आणि बियाणे फसले तर तक्रारीला पुरावा हवा म्हणून पाकीट, पावती आणि थोडे बी काढणीपर्यंत जपून ठेवा, असे कृषी विभागच सांगतो. म्हणजे ते पाकीट कागदपत्रांत मोडते. त्याला टिकल्या चिकटवता येत नाहीत.

लोखंडाचे तर नावच नको. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार भट्टीत वितळवून त्याच्या सळया ओढतात आणि त्या सळयांवर दूरदूरच्या इमारती उभ्या राहतात. शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते. टाकाऊतून टिकाऊ या विषयातला जिल्ह्यातला सर्वांत मोठा प्रकल्प तोच होय. पूर्ण गुण द्यावेत असा, फक्त घरी करता न येणारा. ज्या गावात गंजलेल्या बिजागरीलाही वजनकाट्यावर मान आहे, तिथे पोराने खिळे आणि पत्र्याची झाकणे मागितली तर घरातले त्याच्याकडे संशयाने बघतात.

राहता राहिली बाटली. तीही सुखासुखी मिळत नाही. जिल्ह्यात नळाला रोज पाणी येण्याची चैन सगळीकडे नाही, आणि 2012-13 च्या दुष्काळात जालना हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या अनुभवातून गेलेल्या घरात जिच्यात पाणी मावते ती वस्तू भांडे समजली जाते. नळ आला की हंडे, घागरी, बादल्या, पातेली, कुकर आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्या बाटल्या रांगेने भरून ठेवल्या जातात. अशा घरात धडधाकट बाटलीच्या गळ्याला कात्री लावणे हे आजीच्या डोळ्यांदेखत करण्यासारखे काम नव्हे. "चांगली बाटली कापाय निघालीस व्हय गं?" हा प्रश्न ठरलेला, आणि त्याला 'पर्यावरणासाठी' हे उत्तर पुरत नाही.

यावर सर्वमान्य तोडगा असा, की दुकानातून शीतपेयाची दोन लिटरची नवी बाटली आणायची आणि सगळ्यांनी मिळून ती रिकामी करायची. टाकाऊ वस्तू अशा रीतीने घरात विकत येते. मुलांना सबंध कृतीतला हा भाग सर्वांत उद्बोधक वाटतो आणि एका फुलदाणीऐवजी जोडी करावी अशी सूचना त्यांच्याकडूनच येते.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. कापसाच्या पट्ट्यात बांधावर आणि गोठ्याच्या कोनाड्यात औषधाच्या रंगीत बाटल्या पडलेल्या दिसतात आणि आकाराने त्या देखण्याही असतात. त्या या कामाला घ्यायच्या नाहीत. कितीही धुतल्या तरी नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार रिकामी वेष्टने पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरायची असतात. मुलाच्या हाती ती बाटली गेली तर विनोद तिथेच संपतो.

बाटलीविषयी थोडे. ही बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याला पेट म्हणतात. बुडाशी त्रिकोणात 1 हा आकडा असतो. शीतपेयाचा दाब सोसणाऱ्या या बाटलीचे पेटंट 1973 साली अमेरिकेत नॅथॅनिएल वाइथ यांना मिळाले. त्यांचे वडील नामांकित चित्रकार, भाऊ अँड्र्यू वाइथ त्याहून नामांकित चित्रकार. घरातल्या या एकट्या इंजिनिअरने बाटली काढली आणि जगभरच्या पालकांना रंगकामाला बसवले. घराण्याचा वारसा तो असा चालला. कारखान्यात ही बाटली आधी परीक्षानळीएवढी असते. ती तापवून, ताणून, आत हवा फुंकून साच्याएवढी फुगवतात. म्हणूनच तिच्यात उकळते पाणी ओतले की ती आपले मूळ माप आठवून आक्रसते आणि फुलदाणीऐवजी पिळलेली काकडी हाती येते. बाटली 'स्वच्छ धुऊन घ्या' या सूचनेत पाणी कोमट असावे हे लिहायचे राहून गेलेले असते, आणि ते ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात समजते.

याच गुणाचा उपयोगही होतो. बाटली कापली की कडा धारदार राहतात आणि मुलांची बोटे कापतात. इस्त्री मंद तापवून, वर साधा कागद ठेवून, कड त्यावर क्षणभर टेकवली की ती आत वळते आणि गुळगुळीत होते. हे काम मोठ्याने करायचे. कापण्यासाठी सुरी गॅसवर लाल करण्याची पद्धत काही घरांत आहे. तिने बाटली कापली जाते खरी, पण घरभर असा वास सुटतो की शेजारचे लोक वायरिंग बघायला येतात.

यानंतर खरेदी. टाकाऊतून टिकाऊसाठी लागणारे नवे साहित्य असे : घोटीव कागद, जिलेटिन कागद, क्रेप कागद, चमकी, आरसे, टिकल्या, सॅटिनची रिबीन, लेस, रंगाच्या दोन डब्या, ब्रश आणि फेव्हिकॉल. बाटलीचे भंगारात जेवढे पैसे येतात तेवढ्यात यातले टिकल्यांचे पाकीटसुद्धा येत नाही. दुकान शाळेजवळचे असते आणि दुकानदाराला प्रकल्पाची तारीख पालकांच्या आधी माहीत असते. पालकांना ती रात्री जेवणे झाल्यावर, दुकान बंद व्हायच्या सुमारास, दप्तर भरताना समजते. 'उद्याच द्यायचंय' या दोन शब्दांइतकी परिणामकारक रचना शालेय वयात दुसरी होत नाही.

फेव्हिकॉल 1959 पासून बाजारात आहे आणि तो मुळात सुतारांसाठी निघाला. लाकडाला, कागदाला, पुठ्ठ्याला बारीक छिद्रे असतात. पांढरा डिंक त्यात शिरतो, त्यातले पाणी उडून जाते आणि पकड बसते. पेटच्या बाटलीला असली छिद्रे नाहीत. त्यामुळे बाटलीवर थेट लावलेला आरसा रात्री अकरा वाजता जागेवर असतो आणि सकाळी सात वाजता जमिनीवर. उपाय सोपा आहे : पॉलिश पेपरने बाटली खरखरीत करायची, तिच्याभोवती वर्तमानपत्राच्या पट्ट्या डिंकात बुडवून एकमेकींवर चढतील अशा दोन-तीन थरांत गुंडाळायच्या, थर पूर्ण वाळू द्यायचा आणि मग सजावटीला हात घालायचा. 'पूर्ण वाळू द्यायचा' म्हणजे रात्रभर, आणि रात्र तर एकच असते. घरातला हेअर ड्रायर, तो नसल्यास पंखा, पंखा नसल्यास फुंकर, असा इथे उतरता क्रम आहे. या अवधीत मूल तळहातावर फेव्हिकॉलचा थर देते, तो वाळवते आणि साप कात टाकतो तसा अखंड सोलून काढते. कार्यानुभवात अपेक्षित असलेली एकाग्रता, चिकाटी आणि हस्तकौशल्य या कामी पूर्णपणे दिसून येतात. त्यासाठी गुणांचा रकाना मात्र नाही.

सजावटीत दोन पंथ पडतात. मुलाला फुलदाणीवर ट्रॅक्टर हवा असतो. पालकांना वारली चित्रे हवी असतात. वारलींचा मुलूख पालघरकडचा, जालन्यापासून कितीतरी दूर. तरी मराठवाड्यातल्या बाटल्यांवर वारलीच येते, कारण दोन त्रिकोण आणि चार काड्या जोडल्या की माणूस झाला असा सार्वत्रिक समज आहे. जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ती इतकी सोपी नसावी. तिसऱ्या नर्तकापर्यंत ही शंका पालकांनाही येते. फेर धरलेल्या रांगेतला पाचवा माणूस पडलेला दिसतो, आणि तो नाचून दमला असे मुलाला सांगावे लागते.

घरातली शोभेची वस्तू ही जिल्ह्याला नवी नाही, हेही नोंदवायला हवे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात सातवाहनकाळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेखालून निघाली होती. ती एखाद्या फर्निचरचा किंवा आरशाचा भाग असावी, असे अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षे टिकलेली ही कलाकुसर टाकाऊतून टिकाऊमध्ये मात्र बसत नाही. हत्तीच्या दृष्टीने दात टाकाऊ नव्हता.

सजून उभी राहिलेली फुलदाणी फुले खोचताच आडवी होते, कारण प्लास्टिकची फुले बाटलीपेक्षा जड असतात. म्हणून तळाशी वाळू भरायची. गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते आणि तिच्या वाळूवरून काय काय होते ते वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. तरी फुलदाणीपुरत्या मूठभर वाळूला अजून पावती लागत नाही. शेजारी बांधकाम चालू असेल तर तेही काम भागते.

श्रमविभागणीचा मुद्दा नाजूक आहे. कागदोपत्री ही वस्तू मुलाची. प्रत्यक्षात कापणे वडिलांकडे, चिकटवणे आईकडे, रंग आत्याकडे किंवा मामाकडे, आणि 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे आजोबांकडे असते. मुलाकडे देखरेख येते. ती मूल कसोशीने पार पाडते : "पप्पा, जरा वाकडं चिकटवा ना. लई चांगलं झालं तर मॅडमला कळंल." तेव्हा ज्या वडिलांनी सळयांच्या कारखान्यात मिलिमीटरचे माप कधी चुकू दिले नाही, ते डाव्या हाताने टिकल्या लावायला बसतात. मोठ्याचे काम लहानाचे वाटावे यासाठी लागणारे कसब हे या हस्तकलेचे खरे मर्म होय, आणि ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिलेले नाही.

फुलदाणीसोबत एक पान लिहून द्यायचे असते : साहित्य, कृती, उपयोग. उपयोगात 'घराची शोभा वाढते' आणि 'पर्यावरणाचे रक्षण होते' ही दोन वाक्ये येतात. त्यानंतर आकारिक मूल्यमापन. उपक्रम, कृती, प्रकल्प अशा त्याच्या साधनांपैकी कशात तरी फुलदाणी बसवून शिक्षिका श्रेणी देतात. वर्गातल्या खिडकीच्या कट्ट्यावर फुलदाण्यांची रांग लागलेली असते, त्यांतल्या बऱ्याच एकाच दुकानातल्या एकाच लेसच्या असतात, आणि कोणती कोणाच्या आईची हे शिक्षिकेला पहिल्या नजरेत कळते. ती काही बोलत नाही. तिने स्वतःच्या मुलासाठी आदल्या रात्री बारापर्यंत जागून एक केलेली असते.

मुलांनी खरोखर आपल्या हातांनी केलेल्या वस्तू बघायच्या तर शाळेच्या बाहेर बघावे लागते. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याची बैलगाडी ही त्यांतली सर्वांत पक्की. धांडे सोलायचे, सालपटाच्या काड्या करायच्या, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे पाडायचे आणि काड्या भेंडात खुपसत जायचे. चाके, साटी, जू, बैल, सगळे त्यातच होते. डिंक नाही, कात्री नाही, उपयोगाचे पान नाही. कडबा नासल्याबद्दल बोलणी खावी लागतात एवढाच खर्च. गाडी मोडली की गाईपुढे टाकायची; गाय उपयोग सिद्ध करते.

मोठ्या बायकांबरोबर बसून करायची वस्तू म्हणजे कागदाच्या लगद्याची टोपली. रद्दी भिजत घालून चांगली गळली की कुटायची, त्यात भिजवलेल्या मेथ्यांचे वाटण घालायचे आणि तो लगदा उपड्या घागरीवर किंवा पातेल्यावर थापायचा. वाळला की भांडे काढून घ्यायचे. मेथीच्या बुळबुळीत अंशामुळे लगदा धरून राहतो आणि कडू चवीमुळे किडे लांब राहतात. या टोपलीत शेवया-कुरडया वर्षभर राहत. तिच्यात पोरांना खराखुरा वाटा होता, कारण लगदा तुडवायला लहान पाय लागत आणि त्या तुडवण्याला कोणी उपक्रम म्हणत नसे.

पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या विज्ञान केंद्रात काम केलेल्या अरविंद गुप्ता यांची खेळणीही याच जातीची. काडेपेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून निघालेली ती खेळणी फिरतात, वाजतात, उडतात. नुसती कपाटावर उभी राहत नाहीत. त्या कामासाठी त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरश्यांतून अख्खी बाग उभारली, ती 1976 साली लोकांना खुली झाली. पण त्यांनी ते काम 1957 पासून गुपचूप चालवले होते आणि त्यांना ते उद्या सकाळी सव्वासातला जमा करायचे नव्हते.

2018 च्या प्लास्टिकबंदीत राज्यात सजावटीचे थर्माकोल गेले आणि गणपतीच्या मखरासाठी लोक पुठ्ठ्याकडे वळले. शाळेतही बाटलीऐवजी खोकी मागणे सुरू झाले तर बरे, कारण फुलदाणीचा उत्तरार्ध थोडा अडचणीचा आहे. साध्या बाटलीला भंगारात गिऱ्हाईक होते. तिचे तुकडे होऊन, वितळून, त्याचा धागा निघाला असता आणि त्या धाग्याचे कापड. आता तिच्यावर डिंक, कागद, रंग, चमकी, आरसे आणि आत वाळू आहे. दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर येते, भंगारवाला हातात घेऊन उलटीपालटी करतो आणि "ह्याचं काय नाय येत, ताई" म्हणून परत देतो. टिकाऊ हे विशेषण तिला याच क्षणी पूर्ण अर्थाने लागू होते.

फेकून देणेही शक्य नसते, कारण ती पोराने केलेली आहे, निदान सगळे तसे म्हणत आले आहेत. मग तिचीही घरच्या रिवाजाप्रमाणे बदली होते. टीव्हीशेजारून ती कपाटावर जाते, तिथून देवळीत उदबत्त्या ठेवायला, फुले झडल्यावर गच्चीच्या जिन्यात कपड्यांचे चिमटे ठेवायला. दोन वर्षांनी धाकटी बहीण त्याच इयत्तेत येते आणि रात्री जेवणे झाल्यावर तिची वही उघडते. चिमटे काढले जातात, पाचव्या नर्तकावर नवी रिबीन येते, वाळू तीच राहते. शिक्षिकाही त्याच असल्या तर त्या फुलदाणी ओळखतात, उपयोगाच्या रकान्यात 'पुनर्वापर' असे स्वतःच्या हाताने लिहितात आणि या वेळी अ-1 देतात.